आधी गाडीतली आठ मिनिटं मोजा

पत्र

काकू, नमस्कार.

मी मूळची मिरजेची, शिक्षणाने नर्स. २००९ साली इंग्लंडला आले. दहा वर्षं केअर होममध्ये काढली आणि २०१९ पासून मिडलँड्समधल्या एका शहरात स्वतःची होमकेअर एजन्सी, म्हणजे घरी जाऊन काळजी घेणाऱ्यांची, चालवते. चौदा केअरर आहेत, आठवड्याला साधारण तीनशे तास भरतात. सीक्यूसी या केअर सेवा तपासणाऱ्या संस्थेचं रेटिंग 'गुड' आहे. आजवर बहुतेक काम खासगी, तासाला ३१ पौंडांनी, आणि थोडं डायरेक्ट पेमेंटचं, म्हणजे काउन्सिल ग्राहकाच्या हाती पैसे देतं आणि तो आम्हाला नेमतो. आता आमच्या काउन्सिलने (इथली नगरपालिकाच म्हणा) होमकेअरचं नवं टेंडर काढलंय. मुदत तीन वर्षं, पुढे दोन वाढवता येतील. शहराचे पाच भाग केलेत, हवे तेवढे भाग मागता येतात. दर तासाला जास्तीत जास्त २६.४० पौंड. गुण क्वालिटीला ६० आणि दराला ४०.

माझे मिस्टर आयटीत आहेत. ते म्हणतात, पाचही भागांत २३.५० ला भर, एकदा आत शिरलो की पुढचं पुढे बघू. माणसं कमी पडली तर मिरजेहून मुली आणू. एक सल्लागार टेंडर लिहून द्यायचे अडीच हजार पौंड मागतोय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी स्वतः लिहिलंय, ते आणि वर्षाचा खर्च सोबत जोडते. चार आठवडे उरलेत. भरू का? कितीला भरू?

ता. क. एजन्सीला आजीचं नाव दिलंय. मिस्टर म्हणतात, काउन्सिलसमोर इंग्रजी नाव बरं दिसेल. बदलू का?

उत्तर

ताई, नमस्कार.

भरा. पण पाच भागांसाठी नाही, एकाच भागासाठी. आणि २३.५० ला तर मुळीच नाही. आता का ते सांगते. मी नऊ वर्षं एका काउन्सिलमध्ये टेंडर तपासणाऱ्यांच्या बाजूला बसले आणि नंतर सहा वर्षं भरणाऱ्यांच्या, तेव्हा दोन्हीकडचे चटके माहीत आहेत.

तुमचा खर्चाचा कागद बघितला. भाडं, सॉफ्टवेअर, विमा, सीक्यूसीची फी, कोऑर्डिनेटरचा पगार, अगदी हातमोज्यांचे खोकेसुद्धा मांडलेत. एकूण ७४ हजार पौंड. त्यात रजिस्टर्ड मॅनेजरचा, म्हणजे सीक्यूसीकडे नोंदवलेल्या जबाबदार व्यक्तीचा, पगार कुठे आहे? रजिस्टर्ड मॅनेजर तुम्हीच, म्हणून तिथे शून्य! आपल्या बायका घरचा हिशेब मांडतात तसाच हा मांडलात. उद्या तुम्ही आजारी पडलात तर त्या खुर्चीवर कुणी फुकट येऊन बसणार नाही. मी तिथे ३६ हजार घातले. झाले १ लाख १० हजार. वर्षाचे १५,६०० तास धरले तर तासामागे ७.०५ पौंड हे फक्त ऑफिसचे.

आता केअररचा तास. काउन्सिलचा तास म्हणजे बहुतेक वेळा अर्ध्या अर्ध्या तासाच्या दोन व्हिजिट. काउन्सिल पैसे देतं दारातून आत गेल्यापासून बाहेर पडेपर्यंतचे. पण एका घरून दुसऱ्या घरी जायचा वेळही कायद्याने कामाचाच वेळ आहे. तिथेही किमान वेतन बसलंच पाहिजे. तुम्ही दोन घरांमधलं अंतर सरासरी आठ मिनिटांचं लिहिलंय, म्हणजे तासामागे सोळा मिनिटं. एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षाचं किमान वेतन १२.२१ पौंड धरलंय. ७६ मिनिटांचे झाले १५.४७. त्यावर ५.६ आठवड्यांची भरपगारी रजा, म्हणजे १२.०७ टक्के, की १७.३३. मालकाचा नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे पगारावर मालकाने सरकारला भरायचे पैसे, एप्रिल २०२५ पासून १५ टक्के झाला आणि तो ९,१०० ऐवजी ५,००० पौंडांच्या वरच लागू व्हायला लागला. त्यात पेन्शनचे किमान ३ टक्के. तुमच्या केअररच्या वार्षिक कमाईवर दोन्ही मिळून साधारण १३ टक्के येतात. झाले १९.५९. दोन फेऱ्यांचे चार मैल, मैलाला ४५ पेन्स, की २१.३९. प्रशिक्षण, सुपरव्हिजन, आजारपणाची रजा यांचे साठ पेन्स मी हात आखडून धरलेत. २१.९९. त्यात ऑफिसचे ७.०५.

एकोणतीस पौंड चार पेन्स. आणि यात नफ्याचा एक पेन्सही नाही.

होमकेअर असोसिएशन ही या धंद्यातली संघटना दरवर्षी होमकेअरचा किमान परवडणारा दर जाहीर करते. इंग्लंडसाठी २०२५-२६ चा आकडा ३२.१४ पौंड आहे, आदल्या वर्षी २८.५३ होता. म्हणजे आपलं गणित काही हवेतलं नाही.

तुमचे मिस्टर आता म्हणतील (हिशेबी माणूस आहे, म्हणणारच), की ऑफिसचा खर्च तर खासगी कामातून निघतोच आहे. नवीन तासाचा वाढीव खर्च फक्त २१.९९. मग २३.५० ला दीड पौंड सुटतोच की. त्यांचं अगदीच चूक नाही, आठवड्याला वीसेक तासांपर्यंत. शंभर तास वाढले की दुसरा कोऑर्डिनेटर लागतो, शनिवार-रविवारचा फोन कुणीतरी उचलावा लागतो, आणि ऑफिसचा खर्च पुन्हा तासांच्या मागे धावत येतो. पूर्ण खर्च धरला तर २३.५० ला तासामागे साडेपाच पौंड घालवायचे. आठवड्याला शंभर तासांवर वर्षाला जवळपास २९ हजार पौंड.

दुसरी गोष्ट त्यांच्या गणितात येणारच नाही, कारण ती इथे घरोघर फिरल्याशिवाय दिसत नाही. तुमचे आजचे खासगी आजी-आजोबा कायम खासगी राहत नाहीत. साठवलेले पैसे २३,२५० पौंडांच्या खाली आले की त्यांची केअर काउन्सिलच्या पैशांतून होऊ शकते. घरीच राहून केअर घेत असतील तर राहतं घर त्यात मोजत नाहीत, त्यामुळे तो दिवस बऱ्यापैकी लवकर येतो. आज काउन्सिलशी करार नसल्यामुळे तुम्ही त्यांना डायरेक्ट पेमेंट सुचवू शकता. करार झाला की त्याच घरातली, त्याच केअररची, तीच सकाळची व्हिजिट ३१ वरून करारातल्या दरावर घसरते. तो दर तुम्ही स्वतः २३.५० लिहून दिलेला असेल तर तक्रार कुणाकडे करणार?

तिसरी गोष्ट नाजूक आहे. मालकांना नॅशनल इन्शुरन्सवर वर्षाला १०,५०० पौंडांची सूट मिळते, एम्प्लॉयमेंट अलाउन्स. तुमच्या तासांवर ती पसरली तर तासाला ६७ पेन्स वाचतात. मी वरच्या हिशेबात ती मुद्दाम धरली नाही. ज्या धंद्याचं निम्म्याहून जास्त काम सरकारी सेवेचं असतं, त्याला ही सूट नाही. काउन्सिलचं काम वाढत जाऊन खासगीपेक्षा जड झालं तर तुमचं काय होईल, हे अकाउंटंटकडून लेखी घ्या. तोंडी नको.

मग भरा असं का म्हणते? कारण नकाशा. तुमच्या रोट्याच्या, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकाच्या, पानावर नजर फिरवली, तर चौदापैकी सहा जणी पूर्वेच्या एकाच भागात राहतात, आणि तिथले तुमचे ग्राहक एकमेकांपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर आहेत. तिथे दोन घरांमधलं अंतर आठ नाही, चार मिनिटं. तोच हिशेब तासाला आठ मिनिटं प्रवास आणि दोन मैल धरून पुन्हा केला, तर २६.०७ येतात. कमाल दर २६.४०. तासाला ३३ पेन्स उरले. काही श्रीमंत होणार नाही तुम्ही, पण अंगाशीही येणार नाही, आणि रोट्यातल्या दुपारच्या रिकाम्या जागा भरतील. उरलेल्या चार भागांत, विशेषतः त्या हायवेपलीकडच्या खेड्यांत, २६.४० लाही पाऊल टाकू नका.

पूर्व भागासाठी दर लिहा २६.४०, पूर्ण. "गुण जातील" म्हणून पोटात गोळा येईल, म्हणून तेही मोजून दाखवते. दराचे गुण साधारण असे काढतात: सगळ्यांत कमी दर भागिले तुमचा दर, गुणिले ४०. समजा कुणी २३ ला भरलं. तुम्हाला ३४.८५ मिळतील, त्याला ४०. फरक ५.१५ गुणांचा. आता क्वालिटीकडे बघा. दहा टक्के वजनाच्या प्रश्नाला पाचपैकी तीन गुण मिळाले तर सहा टक्के पदरात पडतात, पाचपैकी पाच मिळाले तर दहा. म्हणजे दोन प्रश्न तीनवरून पाचावर नेलेत की आठ टक्के हातात. ते ५.१५ भरून निघाले, वर २.८५ शिल्लक. दर पाडून गुण मिळवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. आणि फारच खाली भरणाऱ्याला काउन्सिल "हा दर कसा परवडतो ते दाखवा" म्हणून विचारू शकतं, आणि समाधान झालं नाही तर बाहेर काढू शकतं.

तुमच्या पहिल्या उत्तराबद्दल आता बोलते, आणि रागावू नका.

प्रश्न आहे: एकाच व्यक्तीकडे शक्यतो तेच तेच केअरर जातील याची काळजी तुम्ही कशी घेता? तुमच्या उत्तराची पहिली दीडशे अक्षरं म्हणजे नमनाला घडाभर तेल. "आम्ही जिव्हाळ्याने, व्यक्तिकेंद्री, उच्च दर्जाची सेवा देण्यास कटिबद्ध आहोत." ताई, मी तपासायला बसायचे तेव्हा एका दिवसात अशी अकरा-बारा उत्तरं वाचायची. सगळे कटिबद्ध असायचे. तपासणाऱ्याच्या हातात गुणांची तक्ती असते, त्यात "पुरावा" हा शब्द असतो, जिव्हाळा हा नसतो. तुमच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही, पण त्याला द्यायला माझ्याकडे रकाना नव्हता.

आणि गंमत म्हणजे पुरावा तुम्ही मला पाठवलेल्या पत्रातच होता! पार्किन्सनचे ते आजोबा. गोळी पावणेआठलाच पडली पाहिजे, अर्धा तास उशीर झाला तर बोटं बटणाला लागत नाहीत. म्हणून त्यांच्याकडे फक्त तिघीच जातात, तिघींना ती वेळ पाठ आहे, एक सुट्टीवर गेली की तिच्या जागी चौथीला आधी दोन सकाळी सोबत पाठवता. हे तुम्ही मला गप्पांच्या ओघात लिहिलंत आणि टेंडरात गाळलंत. उलटं करा. गेल्या बारा आठवड्यांचा रोटा काढा. दिवसाला चार व्हिजिट असलेल्या प्रत्येक माणसाकडे किती वेगवेगळ्या केअरर गेल्या ते बोटांवर मोजा. आकडा जो येईल तो लिहा, वाईट असला तरी, आणि तो खाली आणायला काय करताय तेही. मग आजोबांचा परिच्छेद, नाव-गाव न घेता. मग चौथीला सोबत पाठवायची पद्धत, म्हणजे ती योगायोगाने घडत नाही, ठरवून घडते, हे कळेल. शेवटी प्रश्नातले शब्द पुन्हा एकदा वाचून बघा, प्रत्येक उपप्रश्नाला उत्तर मिळालंय ना. शब्दमर्यादेपलीकडचं वाचतच नाहीत. मर्यादा हजार शब्दांची असेल तर ९९९ वर थांबा.

सल्लागाराला अडीच हजार देऊ नका. त्याला तुमचे आजोबा माहीत नाहीत, तो पुन्हा कटिबद्धच लिहील. तुम्ही लिहा आणि कुणालातरी दोनशे पौंड देऊन गुणांच्या तक्तीसमोर वाचायला लावा. इंग्रजीच्या चुका काढायला तुमची मुलगी पुरेल.

मिरजेच्या मुलींचं मात्र विसरा. परदेशातून नवीन केअरर आणायचा व्हिसा २२ जुलै २०२५ पासून बंद झालाय. इथेच आधीपासून असलेल्यांसाठी काही अटींवर वाट आहे, ती नीट वाचून घ्या. "माणसं कुठून आणाल?" हा प्रश्न टेंडरात असतोच, आणि तिथे परदेशातून भरतीचा आराखडा लिहिलात तर तपासणारा तिथेच पेन खाली ठेवेल. पूर्व भागातल्या तुमच्या सहा जणी कशा मिळाल्या ते लिहा. शेजारणीने शेजारीण आणली, असं तुम्हीच सांगितलंत.

आता करार. तिथे सगळ्यांत आधी वाढीचं कलम शोधा. एप्रिल २०२५ मध्ये किमान वेतन ११.४४ वरून १२.२१ झालं, त्याच महिन्यात नॅशनल इन्शुरन्सही. तुमचा करार पुढच्या एप्रिलपासून, पाच वर्षांपर्यंत चालू शकतो. "दरवाढ काउन्सिलच्या मर्जीनुसार" असं लिहिलेलं असेल तर तुमचे ते ३३ पेन्स पहिल्याच वर्षी वितळतील. मग पैसे कसे देतात ते बघा: केअररच्या फोनवर नोंदलेल्या मिनिटांप्रमाणे की ठरलेल्या व्हिजिटप्रमाणे? बावीस मिनिटांत निघालेल्या केअररचे बावीसचेच पैसे येणार असतील तर तिच्या पगारातली आठ मिनिटं तुम्ही भरणार. माणूस हॉस्पिटलमध्ये गेला तर किती दिवस पैसे चालू राहतात? आणि कामाची हमी आहे का? बहुधा नसते. फ्रेमवर्कवर, म्हणजे काउन्सिलच्या मंजूर एजन्सींच्या यादीत, नाव लागणं म्हणजे रांगेत उभं राहणं. तास एकही न मिळता वर्ष जाऊ शकतं. जुन्या एजन्सीचं काम तुमच्याकडे येणार असेल तर २००६ च्या ट्युपी नियमांखाली तिथली माणसं त्यांच्या पगार-रजांसकट तुमच्याकडे येऊ शकतात, त्यांची यादी मागा.

हे सगळे प्रश्न पोर्टलवरच्या स्पष्टीकरणाच्या खिडकीतून विचारा, फोनवर नको. तुमचा प्रश्न आणि काउन्सिलचं उत्तर सगळ्या स्पर्धकांना दिसतं, म्हणून आजोबांची गोष्ट तिथे लिहायची नाही. प्रश्न विचारायची मुदत टेंडरच्या मुदतीच्या बरीच आधी संपते, तारीख भिंतीवर लावा. दरवाढीच्या प्रश्नात केअर अ‍ॅक्ट २०१४ च्या पाचव्या कलमाचा उल्लेख करा. स्थानिक केअरची बाजारपेठ टिकून राहील हे बघायची जबाबदारी तिथे काउन्सिलवर टाकलेली आहे. त्याने दर लगेच वाढेल असं नाही, पण उत्तर लिहिणाऱ्याला दोनदा विचार करावा लागतो.

नोंदणीचं काम आजच करा. नवा प्रोक्युअरमेंट अ‍ॅक्ट २४ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालाय आणि फाइंड अ टेंडरच्या सरकारी प्लॅटफॉर्मवर कंपनीची माहिती भरून ठेवावी लागते. केअरसारख्या सेवांना या कायद्यात थोडे सैल नियम आहेत, ते काउन्सिलसाठी. तुमच्यासाठी कागद तेवढेच.

एक माझी फजिती सांगते. माझ्या एजन्सीचं दुसरंच टेंडर. मुदत दुपारी बारा. मी अकरा बावन्नला शेवटची फाइल चढवायला घेतली, तर पोर्टल म्हणतं फाइलच्या नावात चालत नसलेलं चिन्ह आहे. नाव बदललं, तोवर मुलगा म्हणाला, आई, दरांच्या तक्त्यात दुसरं पान पण आहे, ते रिकामं आहे. बारा वाजून एक मिनिटाला खिडकी मिटली. सहा आठवड्यांची मेहनत, आणि वरून घरी सगळ्यांशी भांडण. तेव्हापासून माझा नियम: आदल्या दिवशी संध्याकाळी सगळं चढवायचं, मग वरणभात खाऊन झोपायचं.

मिस्टरांशी वाद घालू नका. वरचं २९.०४ चं गणित एका कागदावर काढा आणि त्यांना सांगा, यातला एक आकडा चुकीचा ठरवून दाखवा. आयटीतला माणूस आहे, तासभर गप्प बसेल. पूर्व भागाचा नकाशा तोच सगळ्यांत छान काढून देईल, तो जोडा.

आणि नाव. नाव बदलू नका. तपासणाऱ्याला नावाशी काही देणंघेणं नसतं, आणि ज्यांना असतं त्यांना गुण द्यायची परवानगी नसते. मात्र आजीचं नाव कंपनीज हाउसमध्ये (कंपन्यांची सरकारी नोंदणी), सीक्यूसीत, विम्याच्या कागदावर आणि पोर्टलवर एकाच स्पेलिंगने आहे ना ते आज रात्रीच बघा. तुमच्या जोडलेल्या विम्याच्या कागदावर शेवटचा ए गळालाय.